डाँकी म्हणजे गाढवच ना?

कोल्हारहून आम्ही बोलतोय, प्रवराकाठच्या आमच्या बचत गटाकडून. मागच्या वेळी आम्ही पापडाच्या पिठाबद्दल बोललो होतो आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पिठात पापडखार किती घालायचा ते विचारायला फोन केले. आजचा विषय ऐकून मात्र तुम्ही हसाल. आज आम्ही गाढवाबद्दल बोलणार आहोत.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो. तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. नाव सांगत नाही. त्यांनीच बजावलंय, "रेडिओवर गाढवांचं खुशाल सांगा, माझं नाव तेवढं घेऊ नका." तर आपण त्यांना वहिनीच म्हणू. त्यांच्या घरी सात गाढवं आहेत. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात, तेव्हापासून पावसाच्या तोंडापर्यंत त्या आणि त्यांचे मालक गाढवांवर विटा वाहतात. बाकीच्या दिवसांत माती, मुरूम, कुणाच्या घराचं बांधकाम अरुंद बोळात असलं तर वाळू-खडी. ट्रॅक्टर जिथं वळत नाही तिथं गाढव जातं. कोल्हारात जुनी घरं आहेत, बोळ आहेत, त्यामुळे काम निघतं. गटाचा हप्ता वहिनींनी चार वर्षांत एकदाही चुकवला नाही. आमच्यातल्या दोघी-तिघींना शेती आहे, एकीच्या घरी नोकरी आहे, पण हप्त्याच्या बाबतीत सगळ्यांत पक्क्या कोण, तर गाढववाल्या वहिनी.

त्यांचा मुलगा चौथीत आहे. 25 टक्के मोफत जागांच्या यादीत त्याचा नंबर लागला नव्हता, तेव्हा वहिनींनी गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि त्याला इंग्रजी शाळेत घातलं. आम्हीच ठराव केला होता. सह्या आमच्याच आहेत. पोराला बूट, टाय, पाठीवर बॅग, सगळं झालं. पहिल्या वर्षी तो घरी आला की वहिनी त्याला विचारायच्या, "आज काय शिकलास?" मग तो एकेक शब्द सांगायचा. गाय म्हणजे काऊ. कुत्रा म्हणजे डॉग. दारात बांधलेल्या गाढवांकडे बोट करून म्हणाला, "डाँकी."

वहिनींना तो शब्द फार आवडला. गाढव म्हटलं की आपल्याकडे शिवी, माणूस तोंड वाकडं करतो. डाँकी म्हटलं की कसं स्वच्छ वाटतं, इस्त्री केल्यासारखं. त्या बैठकीला उशिरा आल्या की सांगायच्या, "डाँकी सोडून आले, म्हणून वेळ झाला." आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. भट्टीवरच्या मुकादमालासुद्धा त्या म्हणाल्या होत्या, "माझे डाँकी आज दमलेत, एक खेप कमी करते."

यंदा संक्रांतीनंतर पोरगं शाळेत जाईना. आधी पोट दुखतंय म्हणाला, मग डोकं. दवाखान्यात नेलं, काही निघालं नाही. आठ दिवसांनी आजीच्या कुशीत शिरून बोलला. वर्गातली मुलं त्याला नावानं हाक मारतच नव्हती. "डाँकी आला, डाँकी गेला." कुणीतरी त्याला बापाबरोबर गाढवांमागे चालताना पाहिलं होतं, तेवढं पुरलं. त्यात एक दिवस गणित चुकलं म्हणून शिकवणाऱ्या बाईही म्हणाल्या, "यू डाँकी." सगळा वर्ग हसला. बाईंना ठाऊक नसेल त्याच्या घरी काय आहे ते. त्या रोज कुणालातरी म्हणत असतील. पण त्या दिवशी ते त्याला म्हणाल्या.

वहिनी बैठकीत आल्या त्या डोळे कोरडे ठेवून. म्हणाल्या, "ताई, डाँकी म्हणजे गाढवच ना? मला वाटलं, इंग्रजीत ती शिवी नसेल."

आम्हाला काही बोलता येईना. कारण खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वी याच वहिनींनी आणखी दोन गाढवी घ्यायला पंधरा हजारांचं कर्ज मागितलं होतं, तेव्हा आमच्यातलीच एक जण म्हणाली होती, "म्हशीला कर्ज, शेळीला कर्ज, आता गाढवालाही का?" सगळ्या हसल्या. रजिस्टरमध्ये "विषय पुढील बैठकीत" असं लिहिलं गेलं आणि तो विषय पुढच्या बैठकीत आलाच नाही. वर्गातल्या मुलांनी जे केलं, ते आम्ही आधीच करून बसलो होतो. फक्त आमचं मराठीत होतं.

वहिनींनी ठरवून टाकलं होतं. होळी जवळ आली होती. रंगपंचमीला मढीला गाढवांचा बाजार भरतो, तिथं सगळी सात विकून टाकायची. "पोराला माझ्या धंद्याची लाज वाटायला लागली तर धंदा काय करायचा?" आम्ही विचारलं, मग कर्ज कसं फेडणार? "रोजानं जाईन कांदे काढायला." सात गाढवांवर जे घर चालतं ते एका बाईच्या रोजावर कसं चालणार, हा हिशेब तर गटात बसणाऱ्या प्रत्येकीला येतो.

आम्ही त्यांना म्हटलं, थोडं थांबा. आधी शाळेत जाऊ.

शाळेत जायच्या आधी आम्ही जरा माहिती काढली, कारण रिकाम्या हातानं गेलं की ऑफिसातली माणसं बोळवण करतात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या 17 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. छडी बंद झाली हे आपल्याला माहीत असतं, शब्दांचं माहीत नसतं. "गाढवा", "माकडा", "बैल कुठला", हे सगळं रोज वर्गावर्गातून चालतं आणि आपणही म्हणतो, बाई रागावल्या असतील, त्यात काय. पण एखादं मूल त्या शब्दानं शाळाच सोडत असेल तर तो छळ नाही तर काय? हे कलम लिहून घ्या मैत्रिणींनो. भांडायला नको, पण जवळ असू द्या.

शाळेत मुख्याध्यापक बाई भेटल्या. आम्हाला वाटलं होतं तेवढ्या वाईट नव्हत्या. आधी म्हणाल्या, "अहो, डाँकी हा काय इतका मोठा शब्द आहे? प्रेमानंसुद्धा म्हणतात." वहिनींनी तेव्हाच पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, तुम्ही तुमच्या लेकराला म्हणत असाल. तुमच्या दारात गाढव बांधलेलं नसेल." पुढं कुणी काही बोललं नाही. त्या शिकवणाऱ्या बाई आल्या, पंचविशीतली पोर ती, गोरीमोरी झाली. तिनं माफी मागितली, मनापासून मागितली असं आम्हाला वाटलं. वर्गात मुलांना काय सांगायचं ते मात्र कुणाला सुचेना. "असं म्हणू नका" म्हटलं की मुलं जास्तच म्हणतात, हे चार पोरं सांभाळणाऱ्या बाईला काय सांगायचं!

मग आमच्यातली एक म्हणाली, "गाढव मूर्ख असतं असं मुलांना कुणी सांगितलं? आपणच. मग खरं काय ते सांगूया." त्या बाई म्हणाल्या, शनिवारी अर्धा तास देते, तुम्ही या. आता आली का पंचाईत! गाढवाबद्दल आम्हाला तरी काय माहीत? वहिनींना माहीत, पण त्या वर्गासमोर बोलायला तयार नाहीत. मग आम्ही दोन संध्याकाळ वहिनींच्या ओट्यावर बसलो. बाकीचं जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, पुस्तकांतून, मोबाइलवरून गोळा केलं. त्यातलं तुम्हालाही सांगतो, कारण आम्हाला स्वतःलाच नवल वाटलं.

गाढव अडतं, म्हणून आपण त्याला मूर्ख आणि हट्टी म्हणतो. वहिनी म्हणाल्या, "घोडं भ्यालं की पळतं. गाढव भ्यालं की थांबतं. पुढं काय आहे ते बघतं. खड्डा असला, फळी हलत असली तर पाऊल टाकत नाही. तुम्ही मारा, ते विचार करतं." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डोंगराळ, दगडधोंड्यांच्या मुलखातलं हे जनावर. तिथं उधळून पळणारं जनावर कड्यावरून जायचं, थांबून बघणारं वाचायचं. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले रानगाढव. माणसानं त्यांना पाळलं त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली. वाळवंटातलं असल्यामुळं पाण्यावाचून बराच वेळ तग धरतं, वाळकं-काटेरी गवत खाऊन राहतं. मोठे कान असतात ते दूरचं ऐकायला आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला. गाढवी वर्षभर गाभण असते, पुरते बारा महिने. आणि नीट सांभाळलं तर गाढव पंचवीस-तीस वर्षं जगतं. वहिनींची एक म्हातारी गाढवी आहे, सासूबाईंच्या हातची. भट्टीवरून तिला मोकळी सोडली की हायवेचा गोंधळ टाळून आतल्या रस्त्यानं एकटी घरी येते. आपल्या पोरांना आपण एकटं पाठवतो का त्या रस्त्यानं?

आता आपल्याकडचं बघा. वसुदेवानंसुद्धा गाढवाचे पाय धरले म्हणतात, ते ओरडू नये म्हणून. त्यावरून म्हण आली, अडला हरी गाढवाचे पाय धरी. म्हणजे गरज पडली की पाय धरायचे आणि एरवी शिवी द्यायची. शितळादेवीचं वाहन गाढव. आमच्या भागात ख्रिस्ती भगिनी पुष्कळ आहेत, हरेगावच्या मतमाउलीला आपण सगळ्याच जातो. त्यांच्यातली एक म्हणाली, येशू यरुशलेमेत गेला तो गाढवावर बसूनच, झावळ्यांच्या रविवारी तीच आठवण करतात. आणि आपल्या पैठणचे नाथ. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, सगळी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बरोबरची माणसं हळहळली, नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथंच भेटला. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण त्यात नाथ मोठे, एवढंच कळलं होतं. गाढवाला तहान लागली होती हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

इंग्रजीचंही गंमतीशीर आहे. इंग्रजीत गाढवाला जुना शब्द ॲस. डाँकी हा शब्द त्या मानानं कालचा, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा. 1785 च्या सुमाराला तो पहिल्यांदा छापलेला सापडतो. जुना शब्द उच्चाराला एका घाणेरड्या शब्दासारखा वाटायला लागला, म्हणून सभ्य लोकांनी नवा धरला असं मानतात. म्हणजे तिकडेही वहिनींसारखंच झालं. स्वच्छ वाटावा म्हणून नवा शब्द आणला आणि थोड्याच दिवसांत तोही शिवीला लागला. शब्द बदलून काही होत नाही, बघण्याची नजर तीच राहते. अमेरिकेत तर 1828 च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन नावाच्या उमेदवाराला विरोधकांनी गाढव म्हणून हिणवलं. त्यानं ते उलटं उचललं, गाढवाचं चित्र स्वतःच प्रचाराला वापरलं आणि निवडून आला. पुढं व्यंगचित्रकारांनी ते त्याच्या पक्षाला कायमचं चिकटवलं. आजही त्या डेमोक्रॅटिक पक्षाची खूण गाढव आहे.

आणि प्रत्येक भाषेची शिवी वेगळी. आपल्याकडं गाय म्हणजे आई. इंग्रजीत बाईला काऊ म्हटलं तर ती भांडायला उठेल. तिकडं घुबड म्हणजे शहाणा, आपल्याकडं घुबड बसलं तर म्हातारी माणसं अंगारा लावतात. जनावर तेच असतं. त्याला काही घेणं-देणं नसतं. (तेवढ्यात एक सांगून ठेवतो. सुनेला "अगदी गरीब गाय आहे हो" म्हणणं हेसुद्धा जरा तपासून बघा. ती गाय आहे की तिला बोलूच दिलं जात नाही?)

एक गोष्ट मुलांना सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. कारण ती बायांची आहे. आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, जुने दगड सापडतात, त्यांना गद्धेगाळ म्हणतात. हजार-आठशे वर्षांपूर्वी राजानं देवळाला किंवा कुणाला जमीन दान दिली की दगडावर तसा लेख कोरायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान राहील. मध्ये लेख. आणि खाली एक गाढव आणि एक बाई. त्याचा अर्थ, हे दान जो मोडील त्याच्या आईची गाढवाकडून अशी विटंबना होईल. अलिबागजवळ अक्षीला असा दगड आहे, तिथला लेख मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक मानतात. मुंबईत परळला सापडलेला 1187 सालचा लेख आहे, त्यातही हाच शाप मराठीत कोरलाय. शिलाहार राजांचा काळ तो. आम्ही हे वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो. जमीन बळकावणार पुरुष, दान देणार पुरुष, कोरणार पुरुष. आणि शिवी कुणाला? कुठल्यातरी आईला आणि एका गाढवाला. दोघांनी काय केलं होतं? मराठी भाषा दगडावर लिहायला लागली त्या पहिल्या काळातच ही जोडी तिथं खोदून ठेवलीय. आजही भांडणात पहिली शिवी आईवरून आणि दुसरी जनावरावरून, हे तुम्ही रोज एसटी स्टँडवर ऐकताच.

असो. शनिवार आला. वहिनी नाही म्हणत म्हणत आल्या आणि त्यांच्याबरोबर ती म्हातारी गाढवी आली. मुख्याध्यापक बाईंनी गेटच्या आत घ्यायला परवानगी दिली, याचं आम्हाला आजही कौतुक वाटतं. आम्ही चार गोष्टी सांगितल्या, पण मुलांचं लक्ष आमच्याकडं कुठलं! त्यांनी प्रश्न विचारले ते वहिनींना. ते झोपतं कसं? त्याला गोड आवडतं का? लाथ का मारतं? वहिनी म्हणाल्या, "मागून गुपचूप गेलं तर मारेलच. तुझ्यामागून कुणी गुपचूप आलं तर तू काय करशील?" एका मुलीनं विचारलं, किती ओझं उचलतं? तेव्हा वहिनींचा मुलगा पहिल्यांदा बोलला. इंग्रजीत बोलला. आम्हाला पूर्ण कळलं नाही, बाईंना कळलं.

त्या प्रश्नाचं उत्तर आपणही ऐकून ठेवायला हवं, कारण गाढवाला मूर्ख म्हणायचं आणि मर लादायचं हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतं. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर 50 किलोपेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. भाजलेली वीट अडीच-तीन किलोची धरली तर सोळा ते वीस विटा. भट्टीवर किती लादतात ते तुम्ही डोळ्यांनी बघता. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. आणि पारा 37 च्या वर गेला की दुपारी बारा ते तीन काम बंद. आपल्या नगर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये बरेचदा पारा त्याच्या वर असतो. वहिनींनी हे ऐकून मान खाली घातली. म्हणाल्या, "नियम चांगलाय ताई. पण खेपेवर पैसे मिळतात. बारा ते तीन माझी पण सुट्टी लिहिलीय का कुठं?" याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं आणि आजही नाही. एवढं मात्र झालं की त्या आता पहाटे लवकर भट्टीवर जातात आणि दुपारी झाडाखाली सोडतात. एक खेप कमी झाली आहे, म्हणजे पैसेही कमी झाले आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही.

मढीला मात्र आम्ही गेलो. वहिनींचा निर्णय पूर्ण फिरला नव्हता. राहुरी, नगर, करंजी घाट, तिसगाव करत आम्ही तिघी त्यांच्याबरोबर गेलो. कानिफनाथांचं दर्शन घेतलं, रेवड्या घेतल्या. मढीचा बाजार तुम्ही बघितला नसेल तर एकदा बघा. राज्यभरातून वडार, वैदू, बेलदार, कुंभार, परीट, ज्यांचं पोट गाढवावर आहे ते येतात. काठेवाडी गाढवं गुजरातकडून येतात, ती उंच असतात आणि भाव खातात. आपली गावठी ठेंगणी. जनावराचं तोंड उघडून दात बघतात. दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान, असा त्यांचा हिशेब. तिथं कुणी कुणाला गाढव म्हणत नाही हे आमच्या लक्षात आलं. म्हणजे शिवी म्हणून म्हणत नाही. दिवसभर तो शब्द कानावर पडत होता आणि एकदाही कुणी चिडलं नाही. तिथं गाढव म्हणजे पैसा, पोरीचं लग्न, घराचे पत्रे.

पण बाजार पूर्वीसारखा राहिला नाही असं तिथली म्हातारी माणसं सांगत होती. ते खरंच आहे. 2012 च्या पशुगणनेत आपल्या देशात तीन लाखांच्या वर गाढवं होती. 2019 च्या गणनेत सव्वा लाखही भरली नाहीत. सात वर्षांत साठ टक्क्यांवर घट. महाराष्ट्रात त्या मानानं कमी, तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास. ट्रॅक्टर, टेम्पो आले, भट्ट्यांवर यंत्रं आली, हे एक कारण. दुसरं कारण वाईट आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाओ नावाचं औषध करतात, त्याला फार मागणी आहे. त्यासाठी जगभर गाढवं चोरली, मारली जातात. आफ्रिकेतल्या बायका ज्या गाढवावर पाणी आणायच्या तेच रातोरात नाहीसं व्हायला लागलं, तेव्हा 2024 च्या फेब्रुवारीत आफ्रिकेतल्या देशांनी मिळून कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदी आणली. गाढव गेलं की पाण्याचा हंडा बाईच्या डोक्यावर येतो. म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याकडं कुणी अनोळखी माणूस म्हातारं, लंगडं गाढव चांगल्या भावानं मागायला आला तर आधी विचारा, नेतोस कशाला?

वहिनींनी मढीला एकच विकलं. एक तापट नर होता, दुसऱ्यांना चावायचा. सहा परत आणली. परतताना टेम्पोत त्या म्हणाल्या, "ह्या म्हातारीचं तोंड उघडून त्यानं दात मोजले, तेव्हा माझ्या सासूचेच दात मोजल्यासारखं वाटलं."

आता तुम्ही म्हणाल, पोरगं शाळेत जायला लागलं का? लागलं. "डाँकी" अजून कुणीतरी म्हणतंच. चिडवणारी दोन-तीन मुलं तशीच आहेत. पण एका मैत्रिणीनं, तीच ती ओझं विचारणारी, रविवारी घरी येऊन शिंगराला चारा घातला. त्यानं वहिनींना अजून एक अट घातलीय. शाळा सुटायच्या वेळी गाढवं शाळेच्या रस्त्यानं आणायची नाहीत, कालव्याकडून आणायची. वहिनी कालव्याकडून आणतात. लांब पडतं. आम्ही म्हटलं, त्याला समजवा ना. त्या म्हणाल्या, "समजेल तेव्हा समजेल. दहा वर्षांचं पोर आहे ते, तुम्हाला समजायला किती वर्षं लागली?"

टोमणा आम्हालाच होता आणि बरोबर होता. मागच्या बैठकीत तो राहिलेला विषय पुन्हा घेतला. पंधरा हजार मंजूर झाले, दरमहा दीड हजारांचा हप्ता. रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. सचिव बाईंनी आधी लिहिलं, "पशुपालन". वहिनींनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "खोडा ते. गाढव खरेदी लिहा." तसं लिहिलं, खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या.

जाता जाता एक सूचना. कोल्हार, भगवतीपूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ज्यांच्याकडं गाढवं, खेचरं आहेत त्यांच्यासाठी येत्या गुरुवारी आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलंय. गाढवाला धनुर्वात लवकर होतो, पाठीच्या, खुराच्या साध्या जखमेतून होतो, त्याची लस टोचून घ्यायची आहे. पाठीवर वण पडले असतील तर गोणपाटाखाली घालायची जाड गादी कशी शिवायची, ते वहिनी दाखवतील. गादीसाठी जुन्या गोधड्या असतील तर आणा. सकाळी आठच्या आत या, ऊन व्हायच्या आधी सगळ्यांना मोकळं करायचं आहे.